गुडघ्याची गादी दुरुस्त करताना खालच्या हाडाचा हिशोब कोण ठेवतं? (कॉम्प्युटर मॉडेल, भोकं, खुंट्या आणि आमचा अनुभव)

खाडीकिनारा (धागाकर्ता)

नमस्कार. मी ठाण्यात कोपरीला राहतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. माझा भाचा २४ वर्षांचा, कळव्याला असतो, शाळेपासून कबड्डी खेळतो. चढाईला गेला असताना पाय मॅटवर रुतला आणि वरचं अंग फिरलं, त्यात उजवा गुडघा गेला. नशिबाने लिगामेंट वाचलं पण एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर, आतल्या बाजूला, कार्टिलेजचा (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत गादीचा) साधारण २ चौरस सेंटिमीटरचा भाग उडालेला दिसला, आणि खालचं हाडही दुखावलेलं आहे म्हणून सीटी पण काढला.

डॉक्टरांनी मोझॅकप्लास्टी सुचवली आहे. त्याच गुडघ्याच्या कमी भाराच्या कडेवरून वर कार्टिलेज आणि खाली हाड अशा गोल खुंट्या काढायच्या, खराब जागेवर तेवढ्याच मापाची भोकं पाडायची आणि त्या खुंट्या हलक्या हाताने ठोकून बसवायच्या. हंगेरीतल्या लास्लो हंगोडी या सर्जननी ही पद्धत १९९२ पासून पेशंटवर वापरायला सुरुवात केली. स्क्रू नाही, सिमेंट नाही, खुंटी फक्त घट्ट बसते म्हणून टिकते.

डॉक्टरांनी कागदावर वर्तुळं काढून दाखवली तेव्हा मी सवयीने पहिला प्रश्न हाच विचारला की दोन भोकांच्या मधे हाड किती उरतं? ते जरा थांबले आणि म्हणाले की नातेवाईक सहसा कार्टिलेज परत उगवेल का एवढंच विचारतात, हाडाबद्दल कोणी विचारत नाही, पण यावर फायनाइट एलिमेंट मॉडेल्स (कॉम्प्युटरवर हाडाचे बारीक तुकडे करून कुठे किती भार येतो ते काढणं) करून बराच अभ्यास झालेला आहे, वेळ असेल तर वाचा. मग गेले तीन आठवडे रात्री तेच वाचतोय.

जे कळलं ते थोडक्यात नाही, सविस्तरच लिहितो, कारण मराठीत हे मला कुठेच मिळालं नाही.

गुडघ्यातलं कार्टिलेज २ ते ४ मिलिमीटर जाडीचं असतं आणि त्यात बहुतांश पाणी. रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. म्हणून ते भरून येत नाही. विल्यम हंटर या स्कॉटिश डॉक्टरांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की हे एकदा नष्ट झालं की परत येत नाही, आणि इतक्या वर्षांनी आपण अजून त्याच प्रश्नाशी झगडतोय. पण हा पातळ थर ज्याच्यावर बसलाय त्या हाडाकडे बघा. आपण बिल्डिंगमध्ये फरशीला तडा गेला की फरशी बदलतो आणि सहा महिन्यांनी परत तडा जातो तेव्हा कळतं की खालचा कोबा खचला होता. इथे तसंच आहे. आणि या ऑपरेशनमध्ये तर आपण त्या कोब्यालाच भोकं पाडणार.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. नेहमीच्या एम-२५ काँक्रीटचा मॉड्युलस, म्हणजे कडकपणा, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडाच्या सूत्राने २५ गिगापास्कल येतो (१ गिगापास्कल म्हणजे १००० मेगापास्कल). हाडाच्या बाहेरच्या घट्ट थराचा साधारण १७ ते २०, म्हणजे काँक्रीटच्या जवळपास. पण सांध्याच्या टोकाला आत जे जाळीदार हाड असतं, स्पंजासारखं, ते खूप मऊ, काही शे मेगापास्कल. आणि कार्टिलेज तर १ मेगापास्कलच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणजे तीन थर, तिघांच्या कडकपणात दहापटींपासून हजारो पटींपर्यंतचा फरक, आणि त्यावर भाचा ६८ किलोचा. नुसतं चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पट भार येतो, जिना उतरताना साडेतीन पटीपर्यंत. म्हणजे २३८ किलो, आणि तो ठाणे स्टेशनचा पूल दिवसातून दोनदा चढतो-उतरतो.

आता भोकांचं. २ चौरस सेंटिमीटर म्हणजे २०० चौरस मिलिमीटर. ६.५ मिमीची एक खुंटी ३३ चौरस मिमी जागा घेते, ४.५ मिमीची १६. एकाच मापाची वर्तुळं कितीही दाटीने मांडली तरी सपाट जागेचा ९०.७ टक्क्यांहून जास्त भाग भरता येत नाही, आणि प्रत्यक्षात ८० टक्के भरला तरी खूप. म्हणजे मोठ्या पाच खुंट्या किंवा छोट्या दहा. मला विचाराल तर सगळा खेळ यातच आहे. दहा केल्या तर भोकांमधल्या भिंती दुप्पट आणि त्या पातळ.

आणि कोन. समजा दोन भोकांमध्ये वर १ मिमीची भिंत सोडली, भोकं १५ मिमी खोल, आणि प्रत्येक भोक आतल्या बाजूला फक्त २ अंशांनी कललं. १५ गुणिले टॅन २ म्हणजे अर्धा मिमी, दोन्हीकडून मिळून एक. तळाला भिंत संपली! वरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं.

तर माझे प्रश्न. कोणी ही सर्जरी केलीय का? कोणी हाडाच्या मॉडेलिंगचं काम करतं का? आणि ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना नेमकं काय विचारावं? ऑपरेशन तीन आठवड्यांनी आहे, त्यामुळे खरंच मनापासून विचारतोय.

येऊर_पहाटे

काका, मी मोझॅकप्लास्टी नाही केली पण मायक्रोफ्रॅक्चर केलंय. रोज उपवनपासून येऊरपर्यंत पळायचो, डाव्या गुडघ्यात छोटा डिफेक्ट निघाला. यात खुंट्या वगैरे नाहीत, टोकदार सळीने हाडाच्या वरच्या थराला ३-४ मिमी अंतरावर बारीक छिद्रं पाडतात, आतून रक्त आणि मूळपेशी वर येतात, गुठळी जमते आणि तिचं हळूहळू भरण होतं. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टेडमन यांनी हे ऐंशीच्या दशकात आणलं. स्वस्त, दुर्बिणीतून होतं, आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

पण जे भरून येतं ते मूळचं कार्टिलेज नसतं, फायब्रोकार्टिलेज असतं, जखमेच्या व्रणाच्या उतीसारखं म्हणा. दोन वर्षं मी मस्त पळालो, ठाण्याची वर्षा मॅरेथॉन पण केली, मग परत दुखायला लागलं. आता नवीन स्कॅनमध्ये आलंय की त्या जागेखालचं हाड वर वाढलंय आणि एक छोटी पोकळी झालीय. नवीन डॉक्टर म्हणाले की आता कार्टिलेजच्या पेशी लॅबमध्ये वाढवून लावायच्या म्हटल्या तरी आधी हाडाचं बघावं लागेल, कारण आधी मायक्रोफ्रॅक्चर झालेल्या गुडघ्यात पेशींचं रोपण अपयशी ठरायचं प्रमाण जास्त दिसलंय. हे मला पहिल्या वेळी कोणी सांगितलं असतं तर मी निदान विचार तरी केला असता. म्हणून तुम्ही आत्ता हाडाबद्दल विचारताय ते अगदी बरोबर करताय.

नौपाडेकर

खाडीकिनारा, लेख वाचून समाधान वाटलं. माझ्या पत्नीचं वय ६८, दोन्ही गुडघे झिजले आहेत, पाय बाहेरच्या बाजूला वाकलेत, खाली बसून उठता येत नाही. राम मारुती रोडपर्यंत चालत जायची, आता घराखाली उतरायचं म्हटलं तरी माझा हात धरावा लागतो. त्यांना हे खुंट्यांचं ऑपरेशन होऊ शकतं का? बदली सांधा घालायला ती घाबरते.

नेरूळ_पूर्व

नौपाडेकर काका, मी फिजिओथेरपिस्ट आहे, नेरूळला काम करते. प्रामाणिकपणे सांगते, काकूंना याचा उपयोग नाही. मोझॅकप्लास्टी ही एकाच ठिकाणी, छोटा, साधारण १ ते ४ चौरस सेंटिमीटरचा खड्डा असेल आणि बाकीचा गुडघा निरोगी असेल तर करतात, आणि बहुतेक पन्नाशीच्या आतल्या लोकांना. काकूंना संधिवाताने सगळाच सांधा झिजलाय, खुंटी काढायला चांगली जागाच उरलेली नसणार. पण पाय वाकलाय म्हणालात ते महत्त्वाचं आहे. असा बाहेर वाकलेल्या पायात बराचसा भार गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागावर येतो. काकूंच्या मांडीचे स्नायू मजबूत केले, वजन थोडं उतरलं, काठी जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरली तरी दुखणं कमी होतं. घाबरू नका म्हणावं, आणि बदली सांध्याचा निर्णय घाईने नको पण टाळत टाळत स्नायू पार जाईपर्यंत पण थांबू नका. काठी विरुद्ध हातात, हे आजपासूनच करा.

खाडीकिनारा दादा, तुमच्या भाच्याचा पाय सरळ आहे ना? म्हणजे उभं राहून कंबरेपासून घोट्यापर्यंतचा लांब एक्सरे काढलाय का? तो नसेल तर आधी काढून घ्या. पाय वाकडा असेल तर कितीही सुंदर खुंट्या बसवल्या तरी त्यांच्यावर जास्तीचा भार पडत राहणार.

खाडीकिनारा

ताई, एक्सरे काढलाय, पाय सरळ आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आज परत रिपोर्ट काढून बघितला. नौपाडेकर काका, काकूंना नमस्कार सांगा.

कोपरखैरणे_से१५

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. माझ्या वडिलांच्या कमरेच्या वेळी आम्हाला रंगीत चित्रं दाखवून सांगितलं होतं की सगळं कॉम्प्युटरने तपासलंय, आणि नंतर जो त्रास झाला तो आम्ही भोगला. माणसाचं हाड म्हणजे आयएस कोडातलं काँक्रीट नाही. प्रत्येकाचं वेगळं. मॉडेलमध्ये जे आकडे भराल तेच बाहेर येणार. लाल-निळी चित्रं बघून लोक भुलतात. चांगल्या सर्जनचा हात हाच खरा, बाकी कागदावरचं.

हाडांची_जाळी

नमस्कार, मी ऐरोलीला राहते, हाडांच्या मॉडेलिंगवरच पीएचडी करतेय. हा धागा बघून खूप बरं वाटलं, घरी आई-बाबांना मी काय करते हे आजपर्यंत नीट सांगता आलं नव्हतं, काल त्यांना हाच धागा वाचायला दिला.

कोपरखैरणे दादा, तुमच्या वडिलांना त्रास झाला त्याचं वाईट वाटलं. तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि आमच्या क्षेत्रातल्या चांगल्या लोकांना तो मान्यच आहे. म्हणून आकडे कुठून येतात ते सांगते, मग तुम्हीच ठरवा कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही.

सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक बारीक ठोकळ्याला एक आकडा असतो, हाउन्सफील्ड युनिट. ज्यांनी सीटी शोधला, १९७९ चं नोबेल मिळालं, त्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावाने. पाणी शून्य, हवा उणे १०००, हाड वरच्या बाजूला. या आकड्यावरून हाडाची घनता काढतात आणि घनतेवरून ताकद. कार्टर आणि हेज या दोघांनी १९७७ मध्ये दाखवलं की हाडाची ताकद घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात आणि कडकपणा घनतेच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. पुढे वेगवेगळी सूत्रं आली पण मूळ सूर तोच. आता बघा याचा अर्थ काय होतो. घनता २० टक्क्यांनी कमी झाली तर ताकद ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्केच राहते, आणि कडकपणा तर जवळपास अर्ध्यावर येतो, ५१ टक्के. म्हणून पेशंटचं स्वतःचं सीटी महत्त्वाचं. पुस्तकातलं सरासरी हाड घेऊन केलेलं मॉडेल तुमच्या भाच्याबद्दल फारसं काही सांगत नाही, इथे मी तुमच्याशी सहमत आहे.

मग हाडाचे लाखो छोटे तुकडे करतात, त्याला मेश म्हणतात, प्रत्येक तुकड्याला त्याचा त्याचा कडकपणा देतात, वरून भार लावतात, खालून धरून ठेवतात आणि प्रत्येक तुकडा किती दबला ते सोडवतात. ही पद्धत विमानांच्या पंखांसाठी वाढली, फायनाइट एलिमेंट हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं आणि हाडावर ती १९७२ पासून वापरली जातेय.

चांगलं मॉडेल ओळखायचं कसं? मेश दुप्पट बारीक करून उत्तर बदलत नाही ना ते बघितलंय का, प्रत्येक गृहीतक थोडं इकडेतिकडे केल्यावर निष्कर्ष टिकतो का, आणि प्रयोगशाळेत खऱ्या हाडावर तसाच भार देऊन ताडून बघितलंय का. या तीन गोष्टी नसतील तर चित्र कितीही रंगीत असो, मी स्वतः त्यावर विसंबत नाही. आणि एक स्पष्ट सांगते, आज मोझॅकप्लास्टीच्या आधी प्रत्येक पेशंटचं असं मॉडेल करत नाहीत, हे रोजच्या वापरात नाही. एक मॉडेल नीट उभं करायला मला कितीतरी दिवस लागतात. मॉडेलचा उपयोग आत्ता असा की कोणत्या चुका महाग पडतात आणि कोणत्या चालून जातात हे आधीच कळतं.

खाडीकिनारा काका, तुमचं २ अंशाचं गणित बरोबर आहे पण खरी अडचण त्याहून मोठी आहे. मांडीच्या हाडाचं टोक सपाट नाही, गोल आहे. खुंटीचं डोकं आजूबाजूच्या कार्टिलेजशी सपाट यायला हवं म्हणून भोक पृष्ठभागाला काटकोनात पाडतात. पण गोल पृष्ठभागावर सगळी भोकं काटकोनात पाडली तर ती आत जाऊन एकमेकांकडे येतात, सायकलच्या चाकाचे स्पोक कसे हबकडे येतात तसे. गोलाईची त्रिज्या ३० मिमी धरली तर १५ मिमी खोलीवर दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर बरोबर निम्मं होतं. वर ७.५ मिमी होतं ते खाली पावणेचार, आणि खुंटी साडेसहाची. म्हणजे भोकं एकमेकांत घुसणार. समांतर पाडली तर भिंत वाचते पण डोकी तिरकी येतात, एक कड वर राहते. प्रत्येक सर्जनला इथे तडजोड करावीच लागते, खोली कमी-जास्त करून, कोन थोडा थोडा वाटून घेऊन, तिरकं डोकं लागेल तिथे खुंटी तशाच उताराच्या जागेवरून काढून.

खाडीकिनारा

वा! गोलाईचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी स्लॅबसारखाच विचार करत होतो. आज दुपारी साइटवर जेवणाच्या सुट्टीत तुमचं गणित वहीत करून बघितलं, अगदी बरोबर येतं.

मला एक सारखं जाणवतंय ते लिहितो. वाशी, सानपाडा, नेरूळचा बराच भाग खाडीच्या चिखलावर भराव घालून उभा आहे, तिथे आम्ही पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, टाकतो. पाइल दोन प्रकारे भार घेते, एक तर खाली खडकावर टेकून, नाहीतर बाजूच्या मातीशी होणाऱ्या घर्षणाने. खुंटीचंही तेच नाही का? भोक खुंटीपेक्षा खोल असेल तर खाली पोकळी राहणार आणि खुंटी फक्त बाजूच्या घर्षणावर लोंबकळणार, आणि जाळीदार हाड म्हणजे काय खडक नाही. भोक खुंटीच्या लांबीइतकंच असेल तर ती तळाला टेकेल. मग टेकवूनच बसवायची असा नियम का नाही?

आणि हाडाबद्दलची एक गोष्ट आपल्या धंद्यातली म्हणून सांगतो. १८६६ च्या सुमारास झ्युरिकला कार्ल कुलमन नावाचे इंजिनिअर होते, पूल आणि क्रेनचे हिशोब आकृत्यांनी सोडवायचे. फॉन मायर या शरीररचनेच्या प्राध्यापकांनी मांडीचं हाड उभं कापून आतल्या जाळीचं चित्र काढलं होतं, ते कुलमननी बघितलं आणि ओळखलं की या तर आपल्या क्रेनमधल्या दाब आणि ताणाच्या रेषा आहेत. त्यावरून पुढे युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं की जसा भार येतो तसं हाड स्वतःला घडवतं. मला हे वाचून रात्री झोप लागली नाही. आपण बीममध्ये सळ्या टाकतो ते हिशोब करून, आणि हाड हिशोबाशिवाय तेच करतं, रोज.

हाडांची_जाळी

पाइलची उपमा माझ्या गाइडना सांगणार आहे! हो, प्राण्यांच्या हाडांवरच्या चाचण्यांमध्ये तळाला टेकलेल्या खुंट्या आत ढकलायला कितीतरी जास्त जोर लागतो असंच दिसलंय. पण मिलिमीटर मिलिमीटर जुळवणं सोपं नाही. भोक थोडं उथळ राहिलं तर खुंटी वर राहते आणि मग सर्जनला ती जोरात ठोकावी लागते, त्या ठोक्याने वरच्या कार्टिलेजमधल्या पेशी मरतात. घट्टपणाचंही असंच, खुंटी भोकापेक्षा किंचित जाड हवी म्हणजे पकड येते, पण फार जाड असेल तर आत जाताना बाजूच्या भिंतीवर इतका दाब येतो की पातळ भिंतीला तडा जाऊ शकतो. मॉडेलमध्ये ही रुंदी शंभर वेळा बदलून बघता येते, पेशंटच्या गुडघ्यात एकदाच संधी.

खुंटी वर राहू द्यायची नाही हे मात्र लक्षात ठेवा. १ मिमी वर राहिली तरी दाब तिच्या डोक्यावर एकवटतो. किंचित खाली बसलेली चालते, वर आलेली नाही चालत.

शिवाय भोकाच्या काठावर स्ट्रेस (दर चौरस मिलिमीटरवर येणारा जोर) वाढतो हे तुम्हाला सांगायला नको.

खाडीकिनारा

हो, किर्शचं सूत्र, १८९८ चं. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक पाडलं की काठावर तिप्पट स्ट्रेस. कॉलेजात पाठ केलं होतं, भाच्याच्या गुडघ्यासाठी लागेल असं वाटलं नव्हतं. आणि जिथून खुंट्या काढणार तिथेही भोकं राहणारच की. त्या जागेबद्दल कोणीच बोलत नाही.

नेरूळ_पूर्व

बोलायला हवं. माझ्याकडे येणारे पेशंट कधीकधी मूळ जागेपेक्षा तिथेच दुखतं म्हणून सांगतात, वाटीखाली, जिना चढताना. कमी भाराची जागा म्हणतात, पण भार शून्य नसतो, त्यातून आपल्याकडे मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, त्यात वाटी घट्ट दाबली जाते.

दादा, ऑपरेशननंतरच्या आठवड्यांबद्दल सांगते कारण हाडाचं गणित तिथेच खरं लागू होतं. खुंटीचं हाड बाजूच्या हाडात मुरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत ती फक्त घर्षणावर आणि तळावर आहे, तुमच्या भाषेत. म्हणून कुबड्या. पोरं काय करतात, दुखत नाही म्हणून दुसऱ्या आठवड्यात पाय टेकतात, लोकल पकडायला दोन पावलं पळतात. दुखत नाही म्हणजे जुळलंय असं नसतं. हे भाच्याला माझ्या नावाने सांगा.

आणि डॉक्टरांनी थोडा भार द्यायला सांगितला की अंदाजाने देऊ नका. घरचा वजनकाटा घ्या, दुखऱ्या पायाखाली ठेवा, दुसऱ्या पायाखाली तेवढ्याच उंचीची फळी, आणि काट्यावर २० किलो दिसेपर्यंत हळूहळू दाबायचं. दिवसातून दहा वेळा केलं की पायाला २० किलो म्हणजे किती ते कळायला लागतं.

कोपरखैरणे_से१५

हाडांची जाळी ताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. कोणी असं आधी समजावलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या वेळी मेश म्हणजे काय, हे कोणाच्या हाडाचे आकडे, काही विचारायचं सुचलंच नाही. तुमचे ते तीन प्रश्न मी लिहून ठेवलेत. खाडीकिनारा, सर्जरी झाली की इथे कळवा.

खाडीकिनारा

ऑपरेशन झालं. आज सविस्तर लिहितो.

आदल्या आठवड्यात डॉक्टरांना भेटलो, प्रश्न लिहून नेले होते. चिडतील असं वाटलं होतं पण त्यांनी अर्धा तास दिला. भोकाची खोली खुंटीच्या लांबीइतकीच ठेवतात का? हो, प्रत्येक खुंटी मोजून, मग भोक. मधली भिंत? साधारण १ मिमी ठेवायचा प्रयत्न, आणि दोन शेजारची भोकं शक्यतो एका दमात पाडत नाहीत, एक भोक, एक खुंटी, मग पुढचं, म्हणजे शेजारचं भोक रिकामं नसतं आणि भिंतीला आधार मिळतो. हे मला फार आवडलं. ठाणे-बोरिवली बोगद्यासारखे जुळे बोगदे खणतानाही मधल्या खडकाची अशीच काळजी घ्यावी लागते, आणि मी हे त्यांना बोललोही. ते म्हणाले, मॉडेलवाले आकड्यात जे सांगतात ते हातोडीच्या आवाजात ऐकू येतं, खुंटी तळाला टेकली की आवाज बदलतो. कोपरखैरणे दादा, तुम्ही हाताबद्दल म्हणाला होतात ते मला तेव्हा आठवलं.

चार खुंट्या ६.५ मिमीच्या आणि दोन ४.५ च्या. मी हिशोब केला, १६५ चौरस मिमी, म्हणजे ८२ टक्के. मधल्या बारीक फटी फायब्रोकार्टिलेजने भरतील म्हणाले. कार्टिलेज कार्टिलेजशी बाजूने पूर्ण जुळत नाही, हाड हाडाशी जुळतं, आणि त्याच्याच आधारावर वरचं टिकतं.

आता नऊ आठवडे झाले. पहिले सहा आठवडे कुबड्या, बहिणीने त्याला घराबाहेर सोडलंच नाही. वजनकाट्याचा प्रकार आम्ही रोज केला ताई, त्याला तो खेळच झाला होता, डोळे मिटून २० वर आणायचा. परवा एक्सरे झाला, खुंट्यांच्या कडा पुसट व्हायला लागल्यात, म्हणजे हाड मुरतंय. काल पहिल्यांदा दोन काट्यांवर दोन पाय ठेवून उभा राहिला. उजवा ३१, डावा ३७. बहीण रडली. कबड्डीचं डॉक्टर सहा महिन्यांच्या आत बोलूच नका म्हणालेत.

येऊर_पहाटे

३१ आणि ३७! काका, खूप खूप शुभेच्छा त्याला. मी पण पुढच्या महिन्यात सीटी काढतोय, आणि यावेळी प्रश्न लिहून नेणार.

नौपाडेकर

अभिनंदन. पत्नी काठी उलट्या हातात धरायला लागली, काल तलावपाळीला एक फेरी मारून आलो आम्ही दोघं.

हाडांची_जाळी

काका, फार आनंद झाला. एक विचारायचं होतं, संकोच वाटतोय. भाच्याचा ऑपरेशनआधीचा सीटी मला अभ्यासासाठी मिळेल का? नाव काढून टाकून, आमच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी घेऊनच. सहा खुंट्यांची जागा, दोन माप, सगळं माहीत असलेली केस क्वचित मिळते. मशीनवर कॅलिब्रेशनचा नमुना (घनता आधीच माहीत असलेला तुकडा) ठेवून स्कॅन केलेला नसेल तर घनतेचे नेमके आकडे येणार नाहीत, फक्त एका जागेच्या तुलनेत दुसरी किती घट्ट एवढंच सांगता येईल, पण भिंतींवरचा भार बघायला तेवढंही पुरतं. भाच्याला नको असेल तर अजिबात आग्रह नाही.

खाडीकिनारा

त्याला आत्ता फोन करून विचारलं. म्हणाला, माझ्या हाडाचं रंगीत चित्र मला पण द्यायचं, एवढीच अट. कमिटीचं पत्र आणि संमतीचा फॉर्म आला की कळवा, तो सही करेल. सीडी माझ्याकडेच आहे, आणि डॉक्टरांकडून ऑपरेशनची नोंद पण मागून ठेवतो, त्यात प्रत्येक भोकाची खोली लिहिलेली असेल.